पोच

आमच्या बिल्डिंगखाली गणपतीचं छोटं देऊळ आहे, तिथे एकदा भालूवकिलांनी नारळ वाहिला आणि भटजींना म्हणाले, "पोच द्या."

भटजी म्हणाले, "कसली पोच?"

"नारळ दिल्याची. उद्या देव म्हणाला मला मिळालाच नाही, तर मी कुणाकडे बघू?"

आणि खरंच सांगते, भटजींनी पंचांगाच्या कोऱ्या पानावर 'एक नारळ मिळाला' असं लिहून खाली सही केली, तेव्हा हा माणूस देवळातून हलला. मी तिथेच होते, नवीन लग्न झालेलं, हातात ताट. मला हसू आलं तर माझ्याकडे बघून म्हणाले, "हसू नका ताई. आयुष्यात काय वाट्टेल ते द्या, पण पोच घेतल्याशिवाय देऊ नका."

असा माणूस. भालचंद्र कुडू, बी.ए. एलएल.बी., वकील आणि नोटरी. आचोळ्यात सगळे भालूवकीलच म्हणायचे. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याला त्यांचा गाळा, पाटी लाकडाची, आत एक टेबल, एक बाकडं, खुंटीला काळा कोट. कोट अंगात क्वचित, पण स्कूटरवरून जाताना हँगरसकट आरशाला अडकवलेला असायचा, लांबून वाटायचं दोघं चाललेत.

कुणाचं बारसं असो की मयत, हे हजर. माझ्या परीच्या बारशाला आले, पाळण्यात वाकून बघितलं, सगळ्या बायका वाट बघतायत आता काहीतरी छान बोलतील, तर म्हणाले, "नाव नक्की ना? आत्ताच काय ते बदला, नंतर गॅझेट करायला लागतं." मयतीला गेले की रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून हळूच सांगायचे, "दाखल्याच्या दहा झेरॉक्स काढा. जिवंत माणसाला लागत नाहीत एवढे कागद मेलेल्याला लागतात." लोक चिडायचे, पण महिन्याभराने कळायचं, खरंच लागले.

आता आमचं सांगते. मी माणगावकडची, आठवी झालेली. आमचे हे वालीवला कंपनीत. तीनशे चार नंबरची रूम आम्ही घेतली ती ह्याच गाळ्यात बसून घेतली. बिल्डर बाकड्यावर, आम्ही दोघं समोर उभे, आणि भालूवकील कागद वाचून दाखवतायत. "लिहून घेणार सौ. सुषमा, वय वर्षे एकोणीस, धंदा घरकाम, राहणार..." तिथे थांबले आणि म्हणाले, "राहणारमध्ये आता इथलाच पत्ता टाकतो. रूम नंबर तीनशे चार." तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्या अंगावर काटा आला. माहेरी बापाचा पत्ता, सासरी सासऱ्याचा. माझ्या नावापुढे पहिल्यांदा माझा पत्ता.

मला सही येते. मी पेन उचललं तर म्हणाले, "सही नको. सही काय, माणूस कधीही बदलतो. अंगठा द्या, तो खरा." सगळ्यांचाच अंगठा घ्यायचे ते, शिकलेल्यांचासुद्धा. मग लाल गोल शिक्का मारला, धाडकन. अंगठा पुसायला मऊ लुगड्याचा तुकडा दिला. मी विचारलं, "साहेब, पक्कं ना?" म्हणाले, "शिक्का बसला ना? मग."

आणि आम्ही एवढे अडाणी, आम्हीच नाही, अख्खी बिल्डिंग, अठ्ठेचाळीस घरं, की नोटरीचा शिक्का म्हणजेच रजिस्टर असं समजून बसलो. रजिस्टर ऑफिस वेगळं असतं, बांधायची परवानगी वेगळी असते, हे कुणी विचारलंच नाही. ज्याला विचारायचं तोच शिक्का मारत होता ना.

पुढे भालूवकील नगरसेवक झाले आणि मग आमदारकीला उभे राहिले. बाकीचे उमेदवार साड्या वाटत होते, ह्यांनी आश्वासन वाटलं. म्हणजे शब्दशः. प्रत्येक दारात छापील कागद, 'लिहून देणार भालचंद्र कुडू, लिहून घेणार समस्त मतदार भगिनी, कारणे लिहून देतो की रोज नळाला पाणी देईन.' आम्ही खूश, आजपर्यंत कुणी लिहून दिलं होतं? मिश्राभाभींनी, ह्या माझ्या शेजारच्या, तीनशे तीनमधल्या, तो कागद देव्हाऱ्यात लावला. आणि कागद देताना भालूवकिलांचा माणूस जाडजूड रजिस्टर पुढे करून सही घ्यायचा. पोच.

निवडून आले. दोन वर्षं झाली, टँकरच. आम्ही बायका हंडे घेऊन गाळ्यावर गेलो. भालूवकिलांनी शांतपणे कपाटातून रजिस्टर काढलं, पान उघडलं.

"ही सही कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"आश्वासन मिळालं ना?"

"आश्वासन मिळालं, पाणी नाही मिळालं!"

"बघा, आश्वासन मिळाल्याचं तुम्हाला मान्य आहे. माझी बाजू पूर्ण झाली. पाण्याचं वेगळं खातं आहे."

मिश्राभाभी म्हणाल्या, "अरे वकीलसाब, तो हम नहाएं क्या आपके कागज़ से?" सगळ्या हसलो. हसलो आणि रिकामे हंडे घेऊन वर आलो, तीन जिने. आता आठवलं की मला हसायचीच चीड येते.

आमदार झाल्यावर बंगला झाला, गाडी झाली, नोटरीचं काम सोडलं, कपडे पांढरे झाले. पण गाळा सोडला नाही. बारा वाजले की गाडी यायची, बाहेर खुर्चीत पोलीस बसायचा, आणि हे आत जाऊन शटर अर्धं खाली ओढायचे. जेवायला. एवढ्या मोठ्या बंगल्याचा माणूस गाळ्यात जेवतो! आणि डबे दोन. एक त्यांच्यासोबत यायचा, दुसरा ड्रायव्हर गाडीतून कुठेतरी घेऊन जायचा आणि तासाभराने परत आणायचा. मिश्राभाभींनी लगेच ठरवलं, "दूसरा टिफिन किसी औरत का है. लिख के ले लो." वकिलांची बायको तर मुलाकडे परदेशात, गेली ती आलीच नव्हती. मलाही पटलं. आणि वर्षभरात माणूस असा काही सुटला की कुर्त्याची बटणं लागेनात. लोक म्हणायचे, आमदार झाला ना, दोन्ही हातांनी खातोय.

मग नोटीस आली.

धाकटं बाळ पाच महिन्यांचं, मांडीवर दूध पीत होतं, दार वाजलं. मी तशीच पदर ओढून उठले. महापालिकेचा माणूस. इमारत अनधिकृत आहे, एकवीस दिवसांत खाली करा. त्याने वही पुढे केली, मी सही केली. घाबरले की माझा हात आपोआप चालतो. दार लावलं. तेव्हापासून मला झोप नाही. खाली ट्रक रिव्हर्स घेताना टूंटूं वाजला तरी वाटायचं, पाडायचं मशीन आलं. परी शाळेत गेली की वाटायचं, ही घरी येईल तेव्हा घर असेल का. भांडी घासता घासता मी भिंतीला हात लावून बघायचे, वेड्यासारखी.

सोसायटीने एक वकीलबाई केल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला फसवून विकलंय हे कोर्टाला दाखवायला हवं. ज्याने नोटरी केली त्याने लिहून दिलं, की परवानगी नाही हे त्याला माहीत होतं आणि तरी तुम्हाला पक्कं म्हणून सांगितलं, तर कोर्ट निदान मुदत देईल. पण तो माणूस आता आमदार आहे. कशाला लिहून देईल?" पुरुष मंडळी दोनदा बंगल्यावर जाऊन आली, साहेब मीटिंगमध्ये. आमचे हे म्हणाले, गावाला जाऊ. गावाला काय आहे, दिराचं घर आणि जावेचं तोंड.

मग एक दिवस एक वाजत आला तेव्हा मी बाळाला कडेवर घेतलं आणि खाली गेले. पोलिसाने अडवलं, "साहेब जेवतायत." बाळाने नेमकं तेव्हाच भोकाड पसरलं. पोलीस गोंधळला, तेवढ्यात मी वाकून अर्ध्या शटरखालून आत. माझं मलाच कळलं नाही.

ते बाकड्यावर एकटे. डबा उघडा, पण हात लावलेला नाही. मी नोटीस पुढे केली, तर आधी बघतात काय, तारीख.

"सही केलीत वहीवर?"

"केली."

"कशाला केलीत! नोटिशीची पोच कधी द्यायची नसते!"

"तुम्हीच म्हणायचात पोच, पोच."

"घ्यायची म्हणालो होतो. द्यायची कधी म्हणालो?"

मला रडूच फुटलं. रडता रडता मी सगळं बोलले, वकीलबाईंनी सांगितलेलं. ते डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, मी आयुष्यभर लोकांकडून लिहून घेतलं. स्वतः लिहून दिलं तर माझी वकिलीची सनद जाईल, पुढचं तिकीट जाईल. तुम्ही मागताय ते काय आहे, कळतंय का तुम्हाला?"

"माझी रूम आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात ड्रायव्हर शटरखालून आत आला, दुसरा डबा टेबलावर ठेवला. तो तसाच भरलेला होता, कडीसुद्धा काढलेली नव्हती. "नाही घेतला साहेब," म्हणाला आणि गेला. भालूवकिलांनी स्वतःचा डबा सरकवला, तो परत आलेला ओढला आणि त्यातलं खायला लागले. घासाला घास, चव न घेता, औषध घेतल्यासारखं. तो संपला, मग आपला. तेव्हा मला कळलं हा माणूस कशाने सुटलाय ते.

हात धुऊन म्हणाले, "एक काम कराल? उद्या हा डबा तुम्ही न्या. चांदीपला, माझ्या आईकडे. गाडी देतो. ड्रायव्हरला बघून ती दार लावते. बाळ असलेल्या बाईच्या तोंडावर नाही लावणार."

मी म्हटलं, "आणि माझा कागद?"

"बघू."

ह्या 'बघू'वर मी गेले. काय करणार?

चांदीपला रस्त्याच्या कडेला शेत, शेताला नवीन पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणाबाहेर दोन खोल्यांचं घर. अंगणात म्हातारी वालाच्या शेंगा सोलत बसलेली. हाडं आणि लुगडं, बाकी काही नाही. गाडी बघून उठायला लागली, मग माझ्या कडेवर बघून थांबली.

"कोन गो तू? बाल घेऊन उन्हाची आलीस. बस. पानी पी."

मी पाणी प्यायले आणि डबा पुढे केला. तिने ओळखला. हात मागे घेतला.

"त्याचा हाय. नको."

"आजी, तुम्ही का नाही घेत?"

तिने कुंपणाकडे बोट केलं. "ता माजा शेत व्हता. निवडनुकीच्या आधी आला, बोल्ला, आये, पेन्शनचा कागद हाय, आंगठा दे. मी दिला. पोटचा पोर, इचारू का त्याला? मंग एक दिस मानसं आली नि पत्रं ठोकली. मी नाचनीचा आंबील पिते, पन त्याचा अन्न नाय."

मग मला विचारलं, "तू कशाला आलीस त्याचा डबा घेऊन? नोकर हायेस?"

मी सांगितलं. रूम, शिक्का, नोटीस, सगळं. एवढं बोलून झाल्यावर म्हातारीने माझा डावा हात ओढला, अंगठा उलटा करून बघितला, जणू शाई अजून तिथे असेल.

"तुजाबी घेतला?"

मी मान हलवली. ती बराच वेळ माझा अंगठा धरून बसली. बाळ तिच्या बांगडीशी खेळत होतं. मग म्हणाली, "त्याला सांग. माजा ऱ्हाऊ दे, मी काय, आज हाय उद्या नाय. ह्या पोरीचा परत कर म्हनावं."

डबा तसाच परत आणला. गाळ्यात जाऊन मी शब्द न् शब्द सांगितला. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "अंगठा परत देता येत नाही. कायद्यात तशी तरतूद नाही." आणि लुगड्याच्या त्या तुकड्याने टेबल पुसायला लागले. टेबल स्वच्छ होतं. तरी पुसत राहिले. तेव्हा मी तो तुकडा नीट बघितला. त्याचे काठ आणि म्हातारीच्या अंगावरच्या लुगड्याचे काठ एकच.

सात-आठ दिवस काही नाही. बिल्डिंगमधली चार घरं सामान बांधून गेली. मिश्राभाभी रोज शिव्या देऊन स्वयंपाकाला लागायच्या. मग एका सकाळी दारात धापा टाकायचा आवाज. उघडलं तर भालूवकील, घामाघूम, तीन जिने चढून आलेले, मतं मागायला आले होते त्यानंतर पहिल्यांदा. अंगात काळा कोट, एकही बटण लागत नव्हतं. म्हणाले, "साक्षीदार लागेल. चला."

रस्त्यापलीकडे एक नवीन नोटरी बसते, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी मुलगी. लाइन होती. पोलिसाने पुढे जायला वाट केली तर त्याला म्हणाले, "थांब रे, नंबराने जाऊ." लोक फोटो काढत होते. आमचा नंबर आला. कागद त्यांनी घरूनच लिहून आणला होता, स्टॅम्पपेपरवर, स्वतःच्या हाताने. मुलीने वाचला, एकदा त्यांच्याकडे बघितलं, परत वाचला.

"सर, हे... नक्की?"

"विचारा काय ते. नियमाने विचारा."

"लिहून देणार?"

"भालचंद्र कुडू."

"वय?"

"चोपन्न."

"राहणार? जागा मोकळी सोडलीय तुम्ही."

तिथे ते अडले. बंगल्याचा पत्ता सगळ्या तालुक्याला पाठ आहे. थोड्या वेळाने म्हणाले, "चांदीप टाका."

मुलीने पेन पुढे केलं. त्यांनी नको म्हटलं, शाईचा डबा जवळ ओढला. "सर, तुम्हाला सही येते की." म्हणाले, "येते. अंगठाच घ्या." मग साक्षीदार म्हणून मला विचारलं, राहणार? मी म्हटलं, रूम नंबर तीनशे चार.

कोर्टाने मुदत दिली. पुढची तारीख लागेपर्यंत पाडू नका, एवढंच. घर वाचलं असं मी म्हणत नाही. टूंटूं वाजलं की अजून माझं काळीज उडतं. आणि मी त्यांना माफ केलंय असंही नाही. अठ्ठेचाळीस अंगठे घेतले त्यांनी, एका अंगठ्यात ते फिटत नाहीत. त्यांचंही काही राहिलं नाही म्हणा. पक्षाने काढून टाकलं, सनदेची चौकशी लागली, आमदारकी नावाला उरली. आधी मागेपुढे फिरणारे लोक आता त्यांना बघून रस्ता बदलतात. पोलिसाची खुर्चीसुद्धा कुणीतरी उचलून नेली. ते मात्र बारा वाजता येतात, शटर अर्धं ओढतात.

कोर्टाचं झालं त्या आठवड्यात मला म्हणाले, "अजून एकदा डबा न्याल? ह्या वेळी ह्याच्यासोबत." डब्यावर कागदाची झेरॉक्स. ड्रायव्हर नव्हता आता, रिक्षाने गेले. म्हातारीला वाचता येत नाही. मी अंगणात बसून वाचून दाखवलं, अडखळत, काही शब्द मलाही कळत नव्हते. 'मला पूर्ण माहीत असतानाही मी सदर लोकांची फसवणूक होऊ दिली.' आणि शेवटची ओळ, कोर्टाला तिची काही गरज नव्हती, वकीलबाईंनी ती खोडायला सांगितली होती, पण भालूवकिलांनी खोडू दिली नव्हती: 'असेच मी माझ्या आईसही फसविले आहे.'

म्हातारी शेंगा सोलत राहिली. मग उठली, डबा उचलला आणि आत गेली. मी बाहेर बाळाला खेळवत बसले. खूप वेळ गेला. आतून भांड्याचा आवाज, पाण्याचा आवाज. बाहेर आली आणि डबा माझ्या हातात दिला. हलका लागला.

आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, मूठभर तांदूळ तरी घालतात, साखर घालतात. घरात वाल होते, मी बघितले होते. तिने काही घातलं नाही. डबा नुसताच दिला.

गाळ्यात वाकून शिरले तेव्हा भालूवकील उभेच होते. मी डबा टेबलावर ठेवला. त्यांनी कडी काढली, झाकण उघडलं, आत बघितलं. काही नाही. बोट फिरवलं आतून. ओलं होतं.

"धुतला?"

"हो."

"तिनेच?"

"घरात दुसरं कोण आहे?"

खाली बसले. बाहेरून पत्रा वाजल्याचा आवाज आला, मी दचकले, ते नाही दचकले. लुगड्याचा तुकडा हाताशी होता, पण डबा पुसला नाही. तसाच ओला धरून बसले, दोन्ही हातांत.

"ताई," म्हणाले, "पोच आली."